पै-पैचा हिशोब मागणारे बाबासाहेब

बोधिसत्त्व, परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव घेतलं की आपल्या डोळ्यांपुढे महाडचं चवदार तळं येतं, नाशिकचं काळाराम मंदिर येतं, राज्यघटना येते आणि नागपूरची दीक्षाभूमी येते. ते बरोबरच आहे. दर चौदा एप्रिलला आणि सहा डिसेंबरला विहारात आपण याच गोष्टी लेकराबाळांना सांगतो. परंतु बाबासाहेबांच्या आयुष्याचा एक मोठा भाग आपल्या व्यासपीठांवर फारसा येत नाही. तो म्हणजे कायदेमंडळातले बाबासाहेब. सरकार पैसा कोणाकडून घेतं, कोणावर खर्च करतं आणि आपल्या माणसाच्या पदरात त्यातलं काय पडतं, हा हिशोब त्यांनी १९२७ पासून अखेरपर्यंत मागितला आणि तो समाजाला समजावूनही सांगितला. विहाराच्या वर्धापनदिनाच्या या स्मरणिकेत आम्ही तेवढ्याच बाजूने त्यांचं चरित्र मांडत आहोत. आम्ही काही विद्वान नाही. जे वाचलं, ऐकलं आणि पटलं तेच लिहितो.

पैशाचा अभ्यास आधी केला

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे झाला. वडील सुभेदार रामजी सकपाळ लष्करी शाळेत शिक्षक होते. घरात शिस्त होती, वाचन होतं, पैसा मात्र जेमतेम. पुढे हे कुटुंब मुंबईत परळच्या चाळीत राहायला आलं. पोयबावडीच्या इंप्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत बाबासाहेबांनी आयुष्याची बरीच वर्षं काढली. म्हणजे गिरणी कामगाराची खोली कशी असते, महिनाअखेरीस उधारीच्या वहीत काय लिहिलेलं असतं, हे त्यांना पुस्तकात वाचावं लागलं नाही.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते १९१३ साली अमेरिकेला कोलंबिया विद्यापीठात गेले. तिथे त्यांनी मुख्य विषय घेतला तो अर्थशास्त्र. ब्रिटिश हिंदुस्थानातल्या प्रांतांचा पैसा कसा जमतो आणि कसा वाटला जातो, यावर त्यांनी प्रबंध लिहिला. तो १९२५ साली ग्रंथरूपाने निघाला. रुपयाच्या प्रश्नावरचा त्यांचा ग्रंथ त्याआधीच, १९२३ साली, लंडनमध्ये प्रसिद्ध झाला होता. मधल्या काळात मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापकही होते. आपल्याकडे त्यांना घटनेचे शिल्पकार म्हणतात, बॅरिस्टर म्हणतात. पण त्यांचा मूळचा धंदा म्हणाल तर सरकारी जमाखर्च तपासण्याचा. कायदेमंडळात पाय ठेवला तेव्हा समोरच्या मंत्र्याचं अंदाजपत्रक उलटंपालटं करून बघण्याइतकी विद्या त्यांच्यापाशी होती.

एका महिन्यात तीन घाव

१९२६ च्या अखेरीस गव्हर्नरांनी बाबासाहेबांची मुंबई कायदेमंडळावर नेमणूक केली. त्यांच्याबरोबर डॉ. पी. जी. सोळंकी हेही होते. १९२७ च्या फेब्रुवारीत बाबासाहेबांनी शपथ घेतली. नवा सभासद पहिल्या अधिवेशनात गप्प बसतो, रीतभात शिकतो. बाबासाहेब २४ फेब्रुवारीला अंदाजपत्रकावरच उभे राहिले.

त्यांचा मुद्दा आजही कोणालाही समजेल असा होता. त्या वेळी वर्षाला दोन हजारांच्या आत मिळकत असणाऱ्याला प्राप्तिकर माफ होता. पण शेतकऱ्याला अशी कुठलीच माफी नव्हती. एक एकर कोरडवाहू जमीन असो की जहागीर असो, पीक येवो की बुडो, शेतसारा भरायचाच. ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावं, ज्याचं पोटच भरत नाही त्याला हात लावू नये, हे कर बसवण्याचं साधं तत्त्व. ते शहरातल्या साहेबाला लागू आणि गावातल्या कुणब्याला का नाही, असा त्यांचा सवाल होता. इथे लक्षात घ्या, हा सवाल फक्त महाराचा नव्हता. मराठा, कुणबी, आगरी, माळी अशा सगळ्या गरीब शेतकऱ्यांचा होता.

पुढे १२ मार्चला शिक्षणखात्याच्या खर्चावर चर्चा झाली. त्या काळी द्विदल राज्यपद्धती होती. शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती हिंदी मंत्र्यांकडे होती. दारूचा पैसा यायचा आणि त्यावर शाळा चालायच्या. बाबासाहेबांनी आकडे मांडले. सरकार शिक्षणावर माणशी चौदा आणे खर्च करतं, आणि अबकारीतून माणशी दोन रुपयांहून जास्त काढून घेतं. निदान जेवढं दारूतून घेता तेवढं तरी लोकांच्या शिक्षणावर घाला, एवढीच त्यांची मागणी. त्यांनी दुसराही हिशोब दाखवला. पहिलीत शंभर पोरं बसतात, त्यांतली अठराच चौथीपर्यंत पोचतात. बाकीची ब्याऐंशी पुन्हा निरक्षर होतात. म्हणजे जे चौदा आणे खर्च होतात तेही मोठ्या प्रमाणात वायाच जातात.

आणि त्याच महिन्यात, १९ आणि २० मार्चला, महाडची परिषद झाली आणि बाबासाहेब चवदार तळ्याचं पाणी प्याले. आपण ही गोष्ट वेगळी सांगतो, पण ती वेगळी नाही. सी. के. बोले यांनी १९२३ साली कायदेमंडळात ठराव मंजूर करून घेतला होता, की सरकारी पैशाने बांधलेले, चालवलेले पाणवठे, शाळा, दवाखाने, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या असाव्यात. नगरपालिका ऐकेनात म्हणून १९२६ साली बोल्यांनी पुन्हा ठराव आणला, की जी संस्था हे पाळणार नाही तिचं सरकारी अनुदान बंद करा. सगळ्यांच्या पैशावर चालणारी गोष्ट सगळ्यांची, हे त्यामागचं तत्त्व. फेब्रुवारी-मार्चमध्ये बाबासाहेब तेच तत्त्व कायदेमंडळात आकड्यांनी सांगत होते आणि महाडला ते त्यांनी ओंजळीने सांगितलं.

वतनाचं ओझं

आपल्या गावाकडच्या जुन्या माणसांना महारकी माहीत होती. दौंडी पिटायची, सरकारी टपाल पोचवायचं, साहेबाचा घोडा धरायचा, मेलेलं ढोर ओढायचं. रात्र नाही, दिवस नाही. घरातला कर्ता माणूस नसला तर बायकापोरांनी जायचं. त्याच्या बदल्यात काय, तर वतनाचा जमिनीचा तुकडा, थोडंसं वेतन आणि गावच्या दारात उभं राहून मागायचं बलुतं. सरकारला आणि गावाला राबणारा माणूस मिळे, पण त्याच्या पगाराचा नीट बोजा कोणाच्याच अंदाजपत्रकात नसे.

१९ मार्च १९२८ रोजी बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्ती करणारं बिल मांडलं. ज्यांना वतन सोडायचं असेल त्यांना पूर्ण सारा भरून जमीन राखू द्यावी आणि कामातून मोकळं करावं. बलुत्याच्या ऐवजी पैसा ठरवावा आणि तो शेतसाऱ्याबरोबर सरकारनेच वसूल करावा. म्हणजे भाकरतुकड्यासाठी दारोदार जाणं बंद. बिल चिकित्सा समितीकडे गेलं, तिथे त्याचा जीव काढला गेला, आणि १९२९ च्या जुलैत बाबासाहेबांना ते मागे घ्यावं लागलं. पण ते गप्प राहिले नाहीत. सरकारने वतनी जमिनींवरची जुडी वाढवायला घेतली तेव्हा १६ डिसेंबर १९३९ ला नगर जिल्ह्यातल्या हरेगावी मोठी परिषद भरवून त्यांनी विरोध केला. शेवटी १९५८ चा कायदा होऊन ही कनिष्ठ गावकी वतनं संपली. तोपर्यंत बाबासाहेबांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

निवडून आलेले आमदार

१९३६ च्या ऑगस्टमध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. नावातच मजूर होता. १९३७ च्या फेब्रुवारीतल्या निवडणुकीत ते मुंबईच्या भायखळा-परळ भागातून उभे राहिले. काँग्रेसने त्यांच्या विरुद्ध पी. बाळू यांना उभं केलं होतं. बाळू पालवणकर म्हणजे नावाजलेले क्रिकेटवीर, आपल्यातलेच चांभार समाजाचे, आणि बाबासाहेबांना एके काळी त्यांचं फार कौतुक होतं. तरीही लोकांनी बाबासाहेबांनाच कौल दिला. साधारण दोन हजार मतांनी ते निवडून आले. पक्षाने सतरा उमेदवार उभे केले, त्यांतले बहुतेक निवडून आले.

इथून पुढे बाबासाहेब नेमलेले सभासद राहिले नाहीत, चाळीतल्या लोकांचे आमदार झाले. परळचं दामोदर हॉल, पुढे दादरचं राजगृह, इथे माणसांची रीघ असे. कोणाची नोकरी गेली, कोणाच्या गावी बहिष्कार पडला, कोणाच्या पोराला वसतिगृहात जागा नाही. आधी बहिष्कृत भारत आणि १९३० पासून जनता, या पत्रांतून कायदेमंडळात काय चाललंय ते गावोगाव पोचे. बहिष्कृत भारतचा बहुतेक मजकूर तर बाबासाहेब एकहाती लिहीत. ज्याला वाचता येत नसे तो दुसऱ्याकडून वाचून घेई. आपल्या आजोबा-पणजोबांना राजकारणाची पहिली शिकवण मिळाली ती अशी.

कोकणातल्या कुळांचा प्रश्न त्यांनी १९२९ साली चिपळूणच्या परिषदेत घेतला होता. खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्या मधला माणूस. सरकारला ठरलेला सारा भरायचा आणि कुळाकडून मनाला येईल तेवढं काढायचं. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती नष्ट करण्याचं बिल मांडलं. खोताला नुकसानभरपाई द्या, पण कसणाऱ्याचं नातं थेट सरकारशी जोडा, असं ते बिल होतं. बिल पुढे सरकेना, तेव्हा १० जानेवारी १९३८ ला ठाणे, कुलाबा, रत्नागिरी, सातारा, नाशिक अशा जिल्ह्यांतून वीस हजारांवर शेतकरी मुंबईत आले आणि कायदेमंडळावर मोर्चा गेला. त्या मोर्च्यात महार होते, कुणबी होते, आगरी होते. खोती कायद्याने संपली ती १९४९ च्या कायद्याने. पण पहिला घण घातला तो बाबासाहेबांनी.

गिरणी कामगारासाठी

आम्ही स्वतः गिरणीत काम केलेलं, म्हणून ही गोष्ट जरा सविस्तर सांगतो. मुंबईच्या गिरण्यांत साचाखात्यात पगार जास्त होता. पण तिथे अस्पृश्याला घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, म्हणून विटाळाचं कारण. आपली माणसं थ्रॉसलमध्ये आणि हलक्या खात्यांत. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांना हाच सवाल विचारला, की मालकाशी लढताना आमची एकी हवी, मग साचाखात्याचं दार आम्हाला बंद का. त्याच १९२८ साली कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचं बिल आलं तेव्हा त्यांनी त्याला जोरात पाठिंबा दिला. ओझ्याचा काही भाग मालकाने आणि बाकीचा सरकारने उचलावा, कारण आईला विश्रांती मिळणं यात सगळ्या समाजाचं हित आहे, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ साली तो कायदा झाला.

१९३८ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलह बिल आणलं. संपाआधी एवढ्या पायऱ्या घातल्या की संप करणारा बेकायदेशीर ठरून तुरुंगात जावा. बाबासाहेबांनी सभागृहात ठणकावून मांडलं, की माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कामावर जुंपणं म्हणजे गुलामी. सभागृहात बहुमत नव्हतं. तेव्हा ते मतदारांकडे आले. कम्युनिस्ट युनियनशी त्यांचं एरवी पटत नसे, पण या प्रश्नावर हात मिळवला आणि ७ नोव्हेंबर १९३८ ला एक दिवसाचा संप झाला. कामगार मैदान माणसांनी भरून गेलं. बिल मंजूर झालंच, पण आपल्या आमदाराने आपल्याला विकलं नाही हे लालबाग-परळने पाहिलं.

१९३९ च्या अंदाजपत्रकात दारूबंदीचा विषय निघाला. बाबासाहेब स्वतः दारूला शिवत नसत. तरीही त्यांनी विचारलं, की अबकारीचं एवढं मोठं उत्पन्न सोडताना शाळांचं काय? आधी शिक्षण, मग दारूबंदी, हा त्यांचा क्रम. लोकप्रिय गोष्टीला विरोध केला म्हणून टीका झाली. पण १९२७ साली मांडलेला हिशोब बारा वर्षांनीही त्यांनी बदलला नाही.

तीन लाख रुपये

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं सविस्तर निवेदन दिलं. बनारसच्या हिंदू विद्यापीठाला आणि अलीगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार दरसाल तीन-तीन लाख देत होतं. मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणाला का नाही, असा सरळ हिशोब त्यांनी ठेवला. सरकारला वर्षाला तीन लाख मंजूर करावे लागले. त्यातून कॉलेजच्या मुलांना शिष्यवृत्त्या सुरू झाल्या, काही मुलं परदेशीही गेली. आज आपली पोरं भारत सरकारची शिष्यवृत्ती म्हणून जो फॉर्म भरतात, तिचं मूळ तिथे आहे. १९४३ साली केंद्राच्या नोकऱ्यांत आठ पूर्णांक एक तृतीयांश टक्के जागाही मिळाल्या. आणि कारखान्यातला आठवडा चोपन्न तासांवरून अठ्ठेचाळीसवर आणणारी दुरुस्तीही १९४६ साली, त्यांच्याच कारकिर्दीत आली.

दिल्लीतही तोच सवाल

स्वतंत्र भारताचे ते कायदेमंत्री झाले, घटना तयार केली, आणि हिंदू कोड बिल रखडवल्यावर १९५१ च्या सप्टेंबरात त्यांनी राजीनामा दिला. राजीनाम्याची कारणं सांगताना त्यांनी पैशाचाही हिशोब दिला. देशाचा वर्षाचा महसूल साडेतीनशे कोटी, त्यातले एकशे ऐंशी कोटींच्या आसपास लष्करावर. निम्म्याहून जास्त पैसा तिकडे गेला तर भुकेल्याला आणि कारखाने उभारायला उरणार काय?

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत मुंबईतून त्यांचा पराभव झाला. १९५४ साली भंडाऱ्यातही झाला. घटना लिहिणाऱ्याला लोकसभेत जाता आलं नाही, हे शल्य आपल्या समाजाला अजून आहे. ते राज्यसभेत गेले आणि तिथे उभे राहून पुन्हा अंदाजपत्रकावरच बोलले. १९५४ च्या सप्टेंबरात अनुसूचित जातींच्या अहवालावर चर्चा झाली तेव्हा त्यांनी एक तोडगा मांडला. १९४७ साली रद्द झालेला मिठावरचा कर पुन्हा बसवा, माणशी तो फार जड नाही. त्यातून गांधीजींच्या नावाने निधी उभारा आणि तो पैसा अस्पृश्यांना पडीक जमिनीवर वसवण्यासाठी वापरा. त्यांचं गांधीजींशी किती वैर होतं हे सगळ्यांना ठाऊक. तरी आपल्या भूमिहीन माणसाला एकर-दोन एकर जमीन मिळते म्हटल्यावर नाव कोणाचं लागतंय याची त्यांनी पर्वा केली नाही. सरकारने ते ऐकलं नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात त्यांनी आपल्याला बुद्धाच्या ओटीत घातलं आणि ६ डिसेंबरला दिल्लीत त्यांचं महापरिनिर्वाण झालं. ७ डिसेंबरला दादरला जो जनसागर लोटला तो आपल्या घराघरात सांगितला जातो.

आता आपली पाळी

धम्म स्वीकारल्यामुळे आपल्या सवलती गेल्या. राज्याने १९६० साली त्या दिल्या, केंद्राने द्यायला १९९० साल उजाडलं. तीस वर्षं भांडावं लागलं, कारण यादीत नाव नाही तर अंदाजपत्रकात वाटा नाही. १९७९-८० पासून विशेष घटक योजना आली. लोकसंख्येच्या प्रमाणात पैसा बाजूला काढावा असा तिचा नियम. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात अनुसूचित जाती जवळपास बारा टक्के आहेत. म्हणजे शंभरातले बारा रुपये. ते बाजूला काढले का, काढले तर खर्च झाले का, की दुसरीकडे वळवले, हे विचारणार कोण? २०२५ साली राज्यात सामाजिक न्याय खात्याच्या वाट्याचे चारशे दहा कोटी दुसऱ्या योजनेकडे वळवले तेव्हा वर्तमानपत्रांत चार दिवस चर्चा झाली, मग शांत.

आमचं म्हणणं एवढंच आहे. जयंतीला डीजे लावायला वर्गणी गोळा होते, तिचा हिशोब आपण फळ्यावर लिहितो. रुपया कमी आला तर भांडतो. तसंच भांडण नगरसेवकाशी, आमदाराशी व्हायला पाहिजे. विहारात पौर्णिमेला वंदना झाल्यावर अर्धा तास काढा. शिकलेल्या पोरापोरींनी वॉर्डाच्या निधीचे आकडे माहितीच्या अधिकाराखाली आणावेत, वाचून दाखवावेत. शिष्यवृत्ती कोणाची अडकली, रमाई घरकुलाचा हप्ता कोणाचा राहिला, त्याची यादी करावी. मत मागायला येईल त्याच्यापुढे ती यादी ठेवावी. बाया-माणसांनीही बसावं, कारण घरचा जमाखर्च त्यांनाच जास्त कळतो.

बाबासाहेबांची तसबीर प्रत्येक घरात आहे. त्या तसबिरीतल्या माणसाने चौदा आणे आणि दोन रुपये यांतला फरक भर सभागृहात विचारला होता. तो सवाल अजून विचारायचा बाकी आहे, आणि तो आपल्याच गल्लीतून विचारला गेला पाहिजे.

जय भीम!